खिडकीखालचं गाणं

डोंबिवली-कल्याणकडच्या माणसाला ठाणं सहसा धावतानाच दिसतं. फलाट, पूल, रिक्षाची रांग, मग काम. परतताना तेच उलट क्रमाने. म्हणून आज रविवार घेऊ या, आणि वेळ सकाळी सहा-साडेसहाची. पावसाची एक सर येऊन गेलेली असावी. स्टेशनातून चालत मासुंदा तलावावर या. तलावपाळीच्या कठड्यावरचं पाणी हाताने निपटा आणि बसा.

श्वास मुद्दाम लांबवू नका. जसा येतो तसा येऊ द्या. डोळेही मिटू नका. आज उघड्या डोळ्यांनीच बसायचं आहे. बांधून ठेवलेल्या होड्या एकमेकींना हलकेच लागताहेत. कोपिनेश्वराकडून घंटेचा आवाज येतो. काठावरच सेंट जॉन बॅप्टिस्टचं चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. तिथे मिस्साला माणसं येऊ लागली आहेत. आवाज एकेक करून ऐका. कुठला आवाज आपला आणि कुठला दुसऱ्याचा, हे मन लगेच ठरवून टाकतं. ठरवू द्या. ते ठरवतंय एवढं मात्र लक्षात असू द्या.

आता एका माणसाला या काठावर आणायचं आहे.

इथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ठाण्यात दुसरं एक चर्च आहे, सेंट जेम्सचं. ते इंग्रजांनी बांधलं. 1825 च्या जुलैमध्ये, पावसाळ्यातल्या एका रविवारी, ते पवित्र करण्याचा विधी करायला कलकत्त्याचे बिशप ठाण्यात आले होते. रेजिनाल्ड हेबर त्यांचं नाव. वय 42. त्यांच्या आयुष्याचे पुरते नऊ महिनेही तेव्हा उरले नव्हते, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं, जसं आपल्याला आपलं ठाऊक नसतं. त्या वेळी कलकत्त्याच्या बिशपच्या हाताखाली सगळा हिंदुस्थान, शिवाय सिलोन आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंतचा मुलूख होता. लोक त्यांना लाटपाद्री म्हणत. लाटसाहेबासारखा लाटपाद्री.

तो मोठेपणा क्षणभर बाजूला ठेवू. कारण हा माणूस मुळात एका खेड्याचा पाद्री होता, आणि मनाने शेवटपर्यंत तोच राहिला असं मला वाटतं.

श्रॉपशर परगण्यातलं हॉडनेट हे ते खेडं. हेबरांचा जन्म 21 एप्रिल 1783 चा, चेशरमधल्या माल्पस गावचा. वडील पाद्रीच. ऑक्सफर्डमध्ये शिकताना 1803 साली त्यांच्या ‘पॅलेस्टाइन’ या कवितेला बक्षीस मिळालं आणि तरुणपणीच नाव झालं. मित्राबरोबर रशियापर्यंत फिरून आले. सावत्र भाऊ रिचर्ड पुस्तकांचा प्रचंड मोठा संग्राहक. असं घर, असं शिक्षण असलेला मुलगा लंडनमध्ये कुठेही शोभला असता. तो 1807 साली हॉडनेटचा पाद्री झाला आणि 16 वर्षं तिथेच राहिला.

इथे जरा थांबू. 16 वर्षं एका गावाचा पाद्री असणं म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे प्रोटेस्टंट मंडळींत अशा माणसाला पाळक म्हणतात. वसईकडचे कॅथलिक लोक त्याच्या हद्दीतल्या वस्तीला धर्मग्राम म्हणतात. दोन्ही शब्द मला फार आवडतात. पाळक म्हटलं की पाळणारा, राखणारा आलाच, आणि धर्मग्राम म्हटलं की धर्माला गावाची वेस मिळते. ज्याचा बाप्तिस्मा केला त्याचंच लग्न लावायचं. ज्या म्हातारीच्या उशाशी काल बसलो तिच्या थडग्याशी आज उभं राहायचं. दर रविवारी त्याच चेहऱ्यांपुढे बोलायचं, आणि त्यांच्यातलं कोण आज आलं नाही हे व्यासपीठावरून दिसतं, म्हणून सोमवारी त्याच्या दारात जायचं. कामाचा सगळा पसारा एवढाच. चेहरा लक्षात ठेवणं, हे त्या कामाचं मूळ.

आता तुमच्या इमारतीचा जिना आठवा. तळमजल्यापासून सुरू करा. पहिलं दार: कोण राहतं? पूर्ण नाव? घरात आजारी कुणी आहे का? दुसरं दार. तिसरं. कुठल्या मजल्यावर नाव अडतं ते बघा. अडलं तर स्वतःवर रागावू नका. नुसतं तिथे उभं राहा, त्या दाराशी, आठवणीत.

माझं दुसऱ्या मजल्यावर अडतं.

हेबरांनी आपल्या गावासाठी स्तोत्रं लिहिली. चर्चच्या वर्षात जे जे रविवार येतात, त्या त्या रविवारच्या वाचनाला जुळेल असं एकेक गीत. त्या काळी इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्ये अशी नवी गीतं उपासनेत गाण्याला वरिष्ठांची मान्यता नव्हती. हेबरांनी ती मागितली, मिळाली नाही. संग्रह छापला गेला 1827 साली, ते गेल्यानंतर, त्यांच्या पत्नीच्या खटपटीने. पत्नीचं नाव अमेलिया. लग्न 1809 चं. पहिली मुलगी 1818 साली तान्ही असतानाच गेली.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 1819 मध्ये, त्यांनी आणखी एक गीत लिहिलं. त्याच्याजवळ आपल्याला बसायलाच हवं, टाळून चालणार नाही.

ते रेक्सम गावी सासऱ्यांकडे गेले होते. रविवारी परदेशातल्या धर्मप्रसारासाठी वर्गणी गोळा व्हायची होती. सासरे म्हणाले, यासाठी गायला काहीतरी लिही. आदल्या दिवशी, बसल्या बैठकीला, हेबरांनी गीत लिहून दिलं. ग्रीनलंडच्या बर्फापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत, सगळ्या जगाला आपण तारायचं आहे असा त्याचा सूर. त्यात दूरच्या सिलोन बेटाच्या वाऱ्यापाण्याचं कौतुक आहे आणि एका ओळीत तिथल्या माणसाला मात्र हलकं लेखलेलं आहे. ते गीत जगभर गाजलं. शंभराहून अधिक वर्षांनी, 1925 साली, कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी त्याच ओळीबद्दलचं आपलं दुःख बोलून दाखवलं.

1819 साली हेबरांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. सिलोनही नाही. तिथल्या एका माणसाचाही चेहरा त्यांना ठाऊक नव्हता. आपल्या गावातल्या प्रत्येकाचा चेहरा ओळखणारा हाच माणूस, आणि ज्यांचा चेहरा पाहिला नाही त्यांच्याबद्दल त्याच्याच लेखणीतून इतक्या सहज असं उतरतं. मला या माणसाबद्दल खरी आपुलकी आहे. म्हणूनच ही गोष्ट झाकावीशी वाटत नाही. सज्जन माणसाच्या हातूनही हे होतं, आणि शनिवारी, सहज, कुणाचंही वाईट न चिंतता होतं.

जलद गाडीत बसलेले आपण आठवा. मुंब्र्याला ती थांबत नाही. खिडकीतून घरं, खाडी, डोंगर, गच्चीवर वाळत घातलेले कपडे येतात आणि जातात. त्या कपड्यांच्या धन्यांबद्दल आपल्या मनात एक तयार वाक्य असतं. ते कुणी शिकवलं? कधी? त्या वाक्याला हात लावू नका, फक्त ते डोळ्यांसमोर धरा. गाडी थांबेपर्यंत ते तिथेच राहू द्या.

पुढचं भराभर सांगतो. कलकत्त्याचे पहिले बिशप मिडल्टन 1822 साली तिथेच वारले. कंपनी सरकारवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे प्रमुख हेबरांचे मित्र होते. त्यांनी ती जागा हेबरांना देऊ केली. हेबरांनी दोनदा नकार दिला. बायको, लहान मुलगी, गाव. मग होकार कळवला. 1823 च्या एप्रिलमध्ये त्यांनी हॉडनेट सोडलं. गाव दूर गेल्यावर एका उंचवट्यावरून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिथे फुटलं. आपण परत येणार नाही असं त्यांना वाटून गेलं होतं. सासरी निघालेली मुलगी वेशीवर थांबून मागे बघते ते आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही. चाळिशीतल्या पाद्रीचं तसं वळून बघणंही समजायला अवघड नाही.

जहाजावर ते हिंदुस्तानी शिकायला बसले. ऑक्टोबर 1823 मध्ये कलकत्ता. जून 1824 मध्ये निघाले ते गंगेतून होडीने, मग घोड्यावर, पालखीत, तंबूत मुक्काम करत दिल्ली, आग्रा, जयपूर, बडोदा, सुरत असे मुंबईला पोचले एप्रिल 1825 मध्ये. दहा महिने. सोबत निघालेले मित्र आणि सहकारी पाद्री स्टो वाटेतच, ढाक्याला, तापाने गेले. या प्रवासाची रोजनिशी पुढे 1828 साली छापली गेली. तिच्यात उतावीळ मतं आहेत, गोऱ्या राज्यकर्त्याची नजर आहे, आणि त्याच पानांवर, न चुकता, माणसांचे चेहरे आहेत.

त्यातला एक चेहरा आपल्या मुलखातला आहे.

चुनार म्हणजे काशीजवळचा, गंगेकाठचा किल्ला. 1824 च्या सप्टेंबरात हेबर तिथे गेले तेव्हा किल्ल्यात एक कैदी होता, त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा 1815 च्या जुलैमध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला आणि इंग्रजांनी त्याला ताब्यात मागितलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्रिंबकजी बहुतेक या एका वाक्यापुरताच येतो.

हेबरांना दिसलेला त्रिंबकजी पाहा. जरा जवळ जाऊन पाहा. लहानखुरा, चलाख माणूस. लाल काठांचं मळकं सुती पांघरूण डोक्याखांद्यावरून कसंतरी घेतलेलं. गोरे पहारेकरी आणि देशी पहारेकरी, दोन्ही. पहाऱ्याच्या नजरेआड व्हायची सोय नाही. राहायला दोन हवेशीर खोल्या, पूजेसाठी एक छोटंसं देऊळ आणि पिंपळाच्या सावलीतली इवलीशी बाग. त्या बागेत त्याने फुलं लावली होती. हेबरांनी त्यातलं एकच फूल नावाने नोंदलं आहे: तेरडा.

तेरडा. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने गंगेकाठच्या तुरुंगात भाद्रपदाच्या सुमारास लावलेला तेरडा. आपल्याकडे याच दिवसांत कितीतरी घरांत तेरड्याच्या गौरी येतात. कल्याणच्या बाजारात पावलापावलावर जुड्या मांडलेल्या असतात. देठ पिवळट-लाल, पाणीदार, बोटांनी दाबला तर कचकन मोडणारा. माझी आई जुडी हातात घेऊन मुळं शाबूत आहेत का ते बघायची, मुळांसकट असेल तरच घ्यायची. जुडी घरी आणेपर्यंत ओच्यावर चिकटलेल्या पाकळ्या दोन दिवस इथेतिथे सापडत. मळक्या पांघरुणातल्या त्या कैद्याने कुठल्या घराच्या आठवणीत ते रोप लावलं असेल, हे तुमच्या मनाला ज्या वाटेने जायचं त्या वाटेने जाऊ द्या.

आणि मग तो हेबरांना जे म्हणाला ते. आपण ब्राह्मण, तुम्ही पाद्री. म्हणजे एका अर्थी आपण भाऊबंद. या, माझ्या बागेत या, फुलं बघा.

गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा भार त्या हातांवर असेलही. इथे त्याचा निकाल लावायचा नाही. पण कैदी माणूस आपल्या घरात पाहुणा बोलवावा तसं परक्या धर्माच्या पाद्रीला बोलावतो, आणि पाद्री जातो, आणि रात्री बसून फुलाचं नाव लिहून ठेवतो. 1819 साली न पाहिलेल्या माणसाबद्दल गीत लिहिणारा हात तोच आहे. आता समोर माणूस आहे, म्हणून फूलही दिसलं.

थोडा वेळ या बागेत थांबा. घाई नाही. तलावावर आता फिरणाऱ्यांची गर्दी वाढली असेल, वाढू दे.

वाटेत नडियादला, 1825 च्या मार्चमध्ये, त्यांची स्वामीनारायणांशी, म्हणजे सहजानंद स्वामींशी भेट झाली. हेबरांच्या भोवती सरकारने दिलेले घोडेस्वार आणि बंदूकवाले. स्वामींच्या भोवती जवळपास दोनशे हत्यारबंद स्वार. दोन धर्मोपदेशक फौजा घेऊन भेटताहेत याची हेबरांना मनापासून लाज वाटली, तसं त्यांनी लिहिलं आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपले शिपाई हुकमाने आलेले आहेत, त्यांना आपलं काही सोयरसुतक नाही. स्वामींबरोबरची माणसं मात्र स्वामींच्या प्रेमाने आलेली आहेत. हॉडनेटचा पाळक इथे बोलतो आहे. स्वतःच्या लोकांत राहिलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या लोकांचं प्रेम इतक्या चटकन ओळखू येतं.

मुंबईत ते गव्हर्नर एल्फिन्स्टनचे पाहुणे होते. पत्नी आणि मुलगी समुद्रमार्गे येऊन त्यांना मिळाल्या. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं त्यांनी पाहिली, पुण्याला जाऊन आले. आणि जुलैत ठाणं.

रेल्वे यायला अजून 28 वर्षं होती. ठाणं म्हणजे खाडीकाठचं टुमदार, नांदतं गाव. वस्ती मुख्यतः रोमन कॅथलिकांची, असं ते लिहितात, आणि इथली पोर्तुगीज घरं डुकराचं मांस खारवून टिकवण्यात तरबेज आहेत हेही. या ख्रिस्ती लोकांच्या काळ्या रंगाबद्दल ते जे लिहितात ते वाचताना मन खट्टू होतं. त्या लोकांचे वंशज आज ठाण्यात आहेत, आपली मराठी बोली बोलतात, आत्ता या काठावरच्या चर्चमध्ये मिस्साला बसले आहेत. हेबरांना त्यांचा रंग दिसला, बोली ऐकू आली नाही. चुनारच्या बागेत उघडलेली नजर ठाण्यात पुन्हा मिटते. एकदा उघडली म्हणजे कायमची उघडली असं होत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो.

सेंट जेम्सचं बांधकाम तेव्हा जेमतेम संपत आलं होतं. इमारत छोटी, सुबक, सोयीची असल्याची नोंद त्यांनी केली. विधी झाला. 2025 साली त्याला 200 वर्षं पूर्ण झाली. पण ठाण्याबद्दल त्यांनी लिहिलेल्या मजकुरात मला जी गोष्ट या चर्चहूनही मोलाची वाटते ती किल्ल्याची आहे. तोच किल्ला, जो आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे आणि ज्याच्या भिंतीशेजारून आपण बाजाराची पिशवी घेऊन रोज जातो.

चुनारला जाण्याआधी त्रिंबकजीला याच किल्ल्यात ठेवलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम फक्त गोरे शिपाई. देशी शिपाई फितूर होतील म्हणून. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार कामाला लागला. तो साहेबाचा घोडा त्रिंबकजीच्या खिडकीखाली फिरवायचा, घोड्याला खरारा करायचा आणि काम करता करता गायचा. पहारेकऱ्यांनी ते गाणं रोज ऐकलं. त्यांना मराठी येत नव्हती. नोकर गातोय, गाऊ दे. त्या गाण्यात निरोप होता: घोडा कुठल्या झाडाखाली उभा आहे, रानातली वाट कशी आहे, किती स्वार वाट बघताहेत. 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री त्रिंबकजी किल्ल्यातून निसटला. पुढे युद्ध झालं, 1818 साली पेशवाई बुडाली, त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला, चुनारला गेला आणि 1829 साली तिथेच वारला.

नऊ वर्षांनी ठाण्यात आलेल्या हेबरांना ही हकिगत कळली. चुनारचा तो लाल काठाच्या पांघरुणातला माणूस त्यांनी पाहिलेला होता, म्हणून त्यांचे कान टवकारले असणार. त्यांनी ते गाणं इंग्रजीत पद्यात उतरवून रोजनिशीत लिहिलं. मूळ मराठी शब्द त्यांनी लिहिलेले नाहीत. ते त्यांना येतही नसणार. कुणीतरी अर्थ सांगितला, त्यावरून त्यांनी केलं. लोककथा आणि इतिहास यांची त्यात सरमिसळ झालेली असू शकते. पण ज्या मोतद्दाराचं नावही कुठे राहिलं नाही त्याचं गाणं आज आपल्याला माहीत आहे, ते इंग्रज पाद्रीने वहीत लिहून ठेवलं म्हणून.

आता त्या खिडकीखाली जाऊन उभे राहा. हे आजच्या बसण्याचं मुख्य ठिकाण.

आधी पहारेकरी व्हा. लांबच्या देशातून आलेला, उकाड्याने वैतागलेला, विशीतला पोरगा. खाली कुणीतरी गातंय. सूर बरा आहे. शब्द म्हणजे नुसता आवाज. त्याने दुष्टपणाने दुर्लक्ष केलं नाही. या माणसाच्या तोंडून काही अर्थाचं निघत असेल असं त्याच्या मनातच आलं नाही. श्वास घ्या, आणि हे ऐकणं म्हणजे काय ते आतून बघा. कानावर पडतंय आणि पोचत काहीच नाही.

मग मोतद्दार व्हा. हातात घोड्याचा लगाम, पाठीवर ऊन. आपल्याला कुणी माणसात धरत नाही, हेच आज आपल्या कामाचं आहे. म्हणून मोकळ्या गळ्याने गायचं. त्याच्या छातीत तेव्हा काय धडधडत असेल.

आणि मग खिडकीआडचा त्रिंबकजी. परक्या बोलीच्या गजबजाटात अचानक आपले शब्द. आपल्यासाठी म्हटलेले. आपली भाषा ऐकून अंगावर काटा येतो तो कसा, हे परदेशी गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा.

तिघं झाले. आता चौथा, वही घेऊन बसलेला पाद्री. त्याला भाषा येत नाही, पहारेकऱ्याइतकीच येत नाही. पण तो विचारतो. गाणं काय होतं? कुणी म्हटलं? सांगा ना. 16 वर्षं ज्याने एकेका दारात जाऊन विचारपूस केली, त्याची जीभ ठाण्यातही त्याच सवयीने वळली असं मी मानतो.

या चौघांत आपण रोज कोण असतो, एवढंच बघत थोडा वेळ बसू.

हेबर ऑगस्टमध्ये मुंबईहून सिलोनला गेले. न पाहता ज्या बेटाबद्दल गीतात लिहिलं होतं ते बेट त्यांनी अखेर पाहिलं. पुढच्या वर्षी दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. 3 एप्रिल 1826 ला सकाळी त्रिचनापल्लीत तमिळ ख्रिस्ती मंडळींसाठी विधी केला, त्यांच्याशी बोलले, मुक्कामावर आले, आणि उन्हाने तापलेलं अंग निववायला हौदात उतरले ते वर आले नाहीत. त्यांना तिथल्या सेंट जॉन चर्चमध्ये पुरलं. हॉडनेटसाठी लिहिलेल्या गीतांपैकी त्रैक्याच्या रविवारचं एक गीत आज जगभरच्या चर्चमध्ये गातात. ज्या चालीवर गातात ती चाल 1861 ची आहे. ती त्यांनी कधी ऐकली नाही.

उठायच्या आधी माझी एक गोष्ट सांगायची राहिली.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रात्रपाळीचा एक म्हातारा वॉचमन होता, बिहारकडचा. रात्री दोन-अडीचला, सगळे दिवे गेल्यावर, गेटजवळ खुर्ची टाकून तो हलक्या आवाजात गायचा. माझी खिडकी त्याच्या डोक्यावर. सहा वर्षं मी ते गाणं ऐकलं. झोप चाळवली की वैताग यायचा, एरवी बरं वाटायचं. शब्द म्हणजे नुसता आवाज. हेबरांची रोजनिशी वाचत होतो त्या पावसाळ्यात एका रात्री ठाण्याच्या किल्ल्याचं पान आलं, आणि खालून गाणं सुरू झालं. मी पुस्तक पालथं घातलं, चपला घातल्या, खाली गेलो. तो दचकून उठला. म्हणाला, “साहब, आवाज़ ज़्यादा हो गया क्या?” मी म्हटलं, “नाही चाचा, बसा. हे गाणं काय आहे?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, जँतसार. म्हणजे जात्यावरचं गाणं. त्याची आई पहाटे दळताना म्हणायची. सासरी राहिलेली बहीण भावाची वाट बघते आहे, असं काहीसं. “मर्द लोग नहीं गाते ये,” तो म्हणाला, “पर रात में कौन सुनता है.”

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यातही भाऊ न्यायला यायचा असायचा. मी त्याला तसं सांगितलं. त्याला ओवी हा शब्द माहीत नव्हता. मी म्हणून दाखवायला गेलो तर मला दोन ओळींपुढे आठवेना. तो हसला नाही. पुढची कधी आठवली तर सांगा, म्हणाला.

त्या दिवाळीनंतर तो गावी गेला आणि परत आला नाही. सहा वर्षं खिडकीखाली गाणाऱ्या माणसाशी मी गाण्याबद्दल एकदाच बोललो, तेही पंधरा मिनिटं.

आता उठा. कठडा एव्हाना वाळला असेल. परतीची गाडी धीमी धरा, आणि रात्री तुमच्या खिडकीखाली कुणी गात असेल तर खाली जाऊन विचारा.